गाडीच्या जागेतली भाजी

आमच्या घराच्या उजव्या अंगाला, खिडक्या आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी आहे. रुंदी बरोब्बर एका कारची. हे मी अंदाजाने सांगत नाही, मी गणिताचा मास्तर आहे आणि ती जागा मी कित्येकदा टेप लावून मोजली आहे. पण तिथे आजवर कार काही उभी राहिली नाही, कारण तिथे आई भाजी लावते. आणि आई भाजी लावते ती भाद्रपदातल्या ऋषिपंचमीसाठी.

ज्यांच्या घरी हे व्रत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, व्रत करणाऱ्या बाईने बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजीही नाही. माणसाने हाताने खणून जे लावलं तेवढंच चालतं. मग अळू, माठ, अंबाडी, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस असं जे दारी पिकलं असेल ते एकत्र शिजवायचं. फोडणी नाही, मसाला नाही, फक्त मीठ, मिरची आणि चिंच. आमची माणसं कधीकाळी संस्थानच्या नोकरीसाठी माळव्यात धारला आली. संस्थान गेलं, नोकऱ्या गेल्या, पोरं हिंदी शाळांत शिकली. ही भाजी मात्र राहिली.

"अगं, आता बैल उरलेत कुठे?" मी दरवर्षी वाद घालायचो. "सगळं ट्रॅक्टरनं होतं. हाटातून भाजी आण आणि खुशाल खा."

"ट्रॅक्टर म्हणजे बैलाचा बाप," आई म्हणायची. "माझी पंचमी होऊ दे, मग बघू तुझ्या कारचं."

पंचमी झाली की मेथी-पालकाचे दिवस येत, मग वाटाणा, मग उन्हाळी काकडी, आणि 'मग बघू' पुन्हा भाद्रपदापर्यंत जाई. तिची तक्रार एकच होती, सुरणाची. भाजीत सुरण हवाच असं तिच्या माहेरचं म्हणणं, पण आमची काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि सुरणाचा गड्डा कुजतो. दरवर्षी भाजी वाढताना ती म्हणायची, "सुरण असता तर!" आणि आम्ही सगळे मुकाट्याने जेवायचो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही खरोखरच कार घेतली. बायको पीथमपुरला औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे, पहाटेच्या शिफ्टची बस पकडते. मी सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या. मुलगी सातवीत. रविवारी तरी चौघांना एकत्र कुठे जाता यावं म्हणून कार. ती रस्त्यावर कडुलिंबाखाली उभी राहू लागली आणि कावळ्यांनी तिचा रंग बदलला. मी चिडून मिस्त्रीला गाठलं, त्या पट्टीत फरशी घालायला विटा आणि सिमेंट सांगून ठेवलं. आईला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

पण त्याआधी आईचे गुडघे गेले. इंदूरला दोन्ही बदलून घेतले. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर चाला, फक्त यापुढे उकिडवं बसायचं नाही, खाली मांडी घालायची नाही. आम्ही माना डोलावल्या. आईने ते किती लावून घेतलं हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर ती ओसरीत खुर्ची टाकून बसायची, बागेकडे पाठ करून. चालायचं म्हटलं की वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाऊन परत. ताटातलं निम्मं तसंच. एका संध्याकाळी मी वह्या तपासत होतो तेव्हा म्हणाली, "घालून टाक तुझी फरशी. पंचमी सोडली मी. आणि आता राहिलेत किती दिवस माझे."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते असं आयतं हातात आलं, तर मी नाचायला हवं होतं. पण आई माझ्याशी हरली असं आयुष्यात कधी झालेलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मला सरळ भीती वाटली, की ही आता उठणारच नाही.

विटा फाटकापाशी येऊन पडल्या. मिस्त्री मात्र लग्नसराईत गावी गेला तो गेलाच. मी बायकोला म्हटलं, "या वर्षापुरती बाग मी चालवतो. पंचमीची भाजी करून तिच्यापुढे ठेवू. मग बघू."

"तुम्ही?" डबा भरता भरता ती म्हणाली. "गच्चीवरची तुळस तुमच्याच ताब्यात होती ना?"

तुळशीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी कुदळ शोधायला गेलो. शाळेला सुट्ट्या होत्या. पहाटे बायकोला बसपर्यंत सोडायचं आणि येऊन बागेला पाणी घालायचं. पाणी म्हणजे आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं, ते रात्रभर बादलीत धरलेलं. मुलगी मोबाइलवर बघून सल्ले द्यायची, "पप्पा, इसमें लिहिलंय की पहले मिट्टी भुसभुशीत करायची." माती ऐकत नव्हती. उन्हाने तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. खत हवं, हे मलाही कळलं.

गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला शेणखत सांगून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत घुंगरांचा आवाज आला. ओसरीतल्या आईची मान वळली. आमच्या फाटकाशी बैलगाडी उभी होती, खताने भरलेली, आणि पुढे दोन पांढरे बैल.

"हे काय आणलंस?" आई ओरडली. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! "पंचमीच्या जागेत बैलाने आणलेलं खत?"

म्हातारा गाडीवरून म्हणाला, "माँजी, गोबर तो गाय को हे. बैल तो बस लायो हे."

"लायो हे, वोई तो!" आई हात उगारून उभी राहिली. "घरचा हा एक बैल कमी होता म्हणून अजून दोन बोलावले!"

घरचा बैल म्हणजे मी. म्हातारा पोट धरून हसला. गाडी वळवून गेला, आणि तेच खत मी त्याच्या गोठ्यापासून पोत्यांत भरून स्कूटरवरून आणलं. अख्खा दिवस गेला, कंबरेचे टाके ढिले झाले. पण खेपा घालताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. आई उभी राहिली होती ती वॉकर न धरता. आणि पुन्हा बसली तेव्हा तिने खुर्ची बागेच्या बाजूला फिरवून घेतली होती.

मग हुकूम सुटू लागले. "कुदळीच्या टोकाने खणू नकोस, पात्याने खण." "ते तण आहे रे, अंबाडी नव्हे. अंबाडी तू आत्ता उपटलीस." मुलीला वाटायचं पप्पा आजीला हसवायला मुद्दाम चुकतात. मी तिला तसंच वाटू दिलं. आई आधी पायऱ्यांपर्यंत आली, मग काठी घेऊन पायऱ्या उतरली. जेवण वाढलं. मी मनात म्हटलं, जमलं बुवा.

जून लागला, माठ पेरायची वेळ झाली. मी बी वाफ्यात फेकत होतो ते तिला बघवेना. "सरक," म्हणाली, "त्यात वाळू मिसळ आणि मला दे." आणि सवयीने खाली बसायला गेली. गुडघे अर्ध्यावर अडकले. मी धावत जाऊन धरली नसती तर पडली असती.

तिला उभी केली तर ती रडत होती. बाबा गेल्यापासून तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. "माती खाली आणि मी वर," ती म्हणाली. "बाग काय अशी उभ्याने होते? सगळी हयात मी खाली बसून काढली रे. उगीच आशा लावलीत मला."

तिला धरून वर नेलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा बागेकडे पाठ करून होती आणि ताटात पुन्हा निम्मं. त्या दिवशी मी कोणावर चिडलो होतो ते सांगता येत नाही. बाहेर जाताना फाटकाशी विटांना अंगठा ठेचकाळला तेव्हा मी त्या विटांना मनसोक्त शिव्या घातल्या, शाळेत ज्या बोलता येत नाहीत त्या सगळ्या. अंगठा धरून तिथेच विटांच्या ढिगावर टेकलो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी बसलोय तो ढीग माझ्या कंबरेएवढा उंच आहे.

रात्री बायकोला सांगितलं, आई खाली बसू शकत नाही तर वाफाच विटांवर उचलू. ती शिफ्टवरून दमून आली होती, तरी उठून बसली. "स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढा उंच करा," म्हणाली. "आई तिथे उभ्याने पोळ्या लाटतात. त्यांना ती उंची सोसते."

आई पाणी प्यायला ओट्याशी आली तेव्हा मी टेप लावला.

"काय, तिरडीचं माप घेतोस?" तिने विचारलं.

"नाही," म्हटलं, "कारचं."

रविवारी आम्ही तिघांनी काम काढलं. मिस्त्री नव्हताच. पडून पडून सिमेंटचा दगड व्हायच्या आत कालवलं आणि भिंतीच्या कडेने विटांचा लांबट हौद उभा केला. तो तिरपा झाला. मुलगी म्हणाली, "पप्पा, आप तो मॅथ्सचे टीचर हो ना?" शेजारी भिंतीवरून डोकावला, "भिया, टंकी बना रहे हो क्या?" तळाशी फुटक्या विटांचे तुकडे टाकले. पुढचे काही दिवस तगारीने माती चढवली, त्यात खत आणि वाळू मिसळली. हातांना फोड आले. सगळं हाताने, बैलाचा केससुद्धा कुठे लागला नाही.

आई ओसरीत बागेकडे पाठ करूनच बसलेली. पण कान आमच्याकडे. माती भरून झाली आणि मी अभिमानाने कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, तेव्हा तिकडून आवाज आला, "पाणी कुठून जाणार?"

कुठूनच जाणार नव्हतं. मी भोकंच ठेवली नव्हती. छिन्नी आणून खालच्या सांध्यांत भोकं पाडत बसलो, आणि ती बरोबर पडतात की नाही ते बघायला आई काठी टेकत उतरून आली. विटांच्या त्या नव्या ओट्यापाशी येऊन थांबली. काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले. कितीतरी वेळ ते तसेच ठेवले. माझी बायको तोंड फिरवून डोळे पुसायला लागली, आणि मला उगाच भोकं अजून मोठी करावीशी वाटली.

"बी आण," आई म्हणाली. "वाळू मिसळून."

त्यानंतर तिला चाल म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही. सकाळी बस, शाळा, डबे यांच्या गडबडीत आम्ही तिघं एकमेकांच्या पायात येत असू तेव्हा ती बागेत ओट्याशी उभी असायची, आणि तिथूनच, दूध आत घ्या, दार लावा, असं ओरडायची. माठ कापला की पुन्हा पेरायची. भेंडी तिने स्वतःच लावली, मला हात लावू दिला नाही. अळू जुन्याच कोपऱ्यात खाली होता, तो काढायचं काम मुलीकडे. दोडक्याचा वेल भिंतीवरून शेजाऱ्याकडे गेला, तेव्हा शेजाऱ्याने टंकीबद्दलचे शब्द मागे घेतले. मध्येच मिस्त्री उगवला, ओट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मास्साब, पार्किंग खड़ी क्यों कर दी?"

ऋषिपंचमीच्या सकाळी आईने ओट्यावरचा माठ स्वतः खुडला, उभ्याने, एकेक पान निवडून. मुलीने टोपलीत सगळं मांडलं आणि विचारलं, "आजी, पण पप्पांना तर तू बैल म्हणतेस. मग ये सब चलेगा क्या?"

"चालेल," आई म्हणाली. "नांगराला जुंपायला शहाणा बैल लागतो. हा तसल्यातला नाही."

भाजी चिंचेने थोडी आंबट झाली होती. मी पानावर बसून वाट बघत होतो, ती आता म्हणेल, सुरण असता तर! यंदा तीही तक्रार मला चालली असती. पण ती म्हणाली नाही. जेवण झाल्यावर हात धुऊन ओसरीत गेली आणि फाटकाकडे बघत राहिली. तिथे उरलेल्या विटांचा ढीग होता, आणि त्याच्यापलीकडे लिंबाखाली आमची कार, कावळ्यांनी माखलेली.

"त्या विटा कशाला ठेवल्यात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "असू दे ग. बघू पुढे."

"बघू काय? अजून एक ओटा होईल त्यात. तिथे पाणी साचायचं नाही." ती हाताने ओट्याच्या पुढची, भिंतीकडची मोकळी जागा दाखवू लागली, रुंदी बरोब्बर माझ्या कारची. "अक्षय्य तृतीयेला सुरण लावू. लगेच काढायचा नाही हं. पहिल्या वर्षी गड्डा मुठीएवढा होतो. सुरण तिसऱ्या वर्षी काढायचा."

मी हो म्हणालो आणि टेप आणायला आत गेलो.