खरवस घेऊन जंगलात

लग्न करून मी कोल्हारजवळच्या या वस्तीवर आले त्याला बरीच वर्षं झाली, पण घरातली सगळी माणसं एकाच दिवशी एकाच गाडीतून फिरायला गेली, असं कधी पाहिलं नव्हतं. जवळच्या नात्यातलं लग्न असलं तरी आम्ही दोन खेपांत जायचो. कारण एकच, गोठा. सकाळी धारा, संध्याकाळी धारा, मधे वैरणपाणी. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांना गाई दुसऱ्यावर सोडून एक दुपारसुद्धा काढवत नसे. शिर्डीला दर्शनाला नेलं, तर रांगेतही ते घड्याळ बघत होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत विषय काढला तो माझ्या लेकीनं. जेवता जेवता तिनं माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना विचारलं, "आजी, तू जंगल पाहिलंयस?"

"आपला ऊस काय कमी जंगल हाय व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "बिबट्यासुदिक राहतो त्याच्यात."

आम्ही सगळे हसलो. हसणं ओसरल्यावर आत्याबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "खरंखुरं न्हाई बघितलं बाई. डोंगर दिसत्यात ते लांबूनच."

"मग जाऊ की," माझा नवरा म्हणाला. भंडारदऱ्याच्या पलीकडचं, रतनगडाच्या पायथ्याचं जंगल त्यानं सुचवलं आणि भाऊबीजेनंतरचा रविवारही ठरवून टाकला.

मग रोज रात्रीच्या जेवणाला तोच विषय. प्रत्येकाचं जंगल निराळं होतं. लेकीला शेकरू बघायचं होतं. नवऱ्याला ओढ्यात डुंबायचं होतं. मला एक दिवस चुलीपासून सुटका हवी होती, पण आत्याबाई म्हणाल्या, "तितं काय हाटेल हाय का?" झालं. धपाटे ठरले, शेंगदाण्याची चटणी ठरली, वांग्याचं भरीत ठरलं. शेवटी एकदा मामा म्हणाले, "तुमी जा. तांबडीचे दिवस भरत आलेत. मी थांबतो गोठ्यात."

"मग मी बी न्हाई येत," आत्याबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

लेकीचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवर राहणारे माझे चुलत दीर आले. "काका, मी काढतो की धारा, आन् तांबडीकडं बी बघतो. माझ्या हाताला काय काटे हायेत का?"

"तांबडी लई खोडीची हाय," मामा एवढंच बोलले. ना हो म्हणाले, ना नाही. पण शनिवारी संध्याकाळी आत्याबाईंनी त्यांचा परटाकडून आणलेला सदरा-पायजमा गुपचूप खाटेवर ठेवला, तेव्हा तो मामांनी परत कपाटात ठेवला नाही.

रविवारी पहाटे उठून आम्ही डबे भरत होतो, तोच गोठ्यातून मामांची हाक आली. तांबडी व्यायला लागली होती. माझ्या मनात आलं, झालं, संपली सहल. आम्ही सगळे गोठ्यात धावलो. लेक नवा फ्रॉक घालून शेणात उभी. मामा आणि माझा नवरा गाईपाशी बसले. उजाडता उजाडता वासरू जमिनीवर आलं, नाकानं फुरफुरलं, आणि मामा ओरडले, "कालवड झाली! कालवड!"

गोणपाटानं तिचं अंग पुसता पुसता ते लहान पोरासारखे हसत होते. वासरू आईला लुचलं, तांबडी ते चाटू लागली. मग मामांनी हात धुतले आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "आता कुणाची वाट बघताय? चला की. सुखरूप सुटली ती."

आता थांबल्या त्या आत्याबाई. चिकाचं दूध टाकून कसं जायचं? गूळ, वेलदोडा घालून त्यांनी खरवस कुकरला लावला. गाडी निघाली तेव्हा चांगलंच ऊन वर आलं होतं, आणि तो गरम डबा फडक्यात बांधून आत्याबाईंनी मांडीवर धरला होता. अकोले गाव येईपर्यंत गाडीभर वेलदोड्याचा वास घुमत होता.

जंगलात शिरलो तसं ऊन मागे राहिलं. आम्ही सगळे आपोआप हळू बोलायला लागलो. वाटेत सरपण घेऊन जाणाऱ्या एका बाईला आत्याबाईंनी एका झाडाचं नाव विचारलं. "हिरडा," ती म्हणाली. आत्याबाई थबकल्या. "जल्मभर कुटून खाल्ला, आन् झाड आज बघते," म्हणत त्यांनी खोडावर हात फिरवला.

मामा मात्र मोबाईल उंच धरून रेंज शोधत होते. एका मोठ्या खडकावर चढले तेव्हा ती मिळाली. व्हिडिओ कॉल लागला, आणि दिरांनी मोबाईल थेट तांबडीसमोर धरला.

"तांबडेऽऽ!" मामांनी अशी हाक दिली की सगळं रान दणाणलं. मोबाईलमधून गाय हंबरली. आणि त्याच क्षणी आमच्या डोक्यावर पानं सळसळली. मामांच्या आवाजानं बिचकलेलं एक शेकरू झुपकेदार शेपूट उडवत या फांदीवरून त्या फांदीवर झेपावलं. लेक किंचाळलीच, "आजोबा, शेकरू! तुम्ही बोलावलंत!" हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं. खडकावर मामाही हसत होते, आणि मोबाईलमधून दीर विचारत होते, "काय झालं? अवं काका, काय झालं?"

ओढ्याकाठी जेवलो. खरवस अजून कोमट होता. जेवण झाल्यावर मामा झाडाखाली उपरण्यावर आडवे झाले आणि घोरायलाच लागले.

"निजू द्या त्यांना," आत्याबाई कुजबुजल्या. "भर दुपारी असं निजलेलं मी आजच बघते."

मग काष्टा वर खोचून त्या ओढ्याकडं निघाल्या. पाण्याशी थांबून त्यांनी माझा हात धरला. "चल गं तू बी." पाणी बर्फासारखं गार होतं. त्या एक पाऊल टाकायच्या, हुं करायच्या, पुढचं टाकायच्या. लेक मागून पाणी उडवत होती, आणि आत्याबाई तिच्यावर उलट उडवत होत्या.

त्या गोंधळानं मामा जागे झाले. "अवं, पडशाल!" ते ओरडले.

"पडले तर पान्यातच पडन की!" आत्याबाई म्हणाल्या. "तुमी बी या."

मामांनी इकडं तिकडं पाहिलं. मग परीटघडीचा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, आणि आले.