पिंपाचा तळ

…तर काल मी तुम्हाला पिंपांपर्यंत आणून सोडलं होतं. दुकानात शिरलं की डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून उभी असलेली ती निळी पिंपं. एक कुत्र्यांचं, एक मांजरांचं, एक पिल्लांचं. आत कोरड्या खाण्याच्या गोळ्या आणि वर पत्र्याचं माप. ज्याला बंद पाकीट नको असेल त्यानं आपली पिशवी न्यायची आणि सुटं घेऊन यायचं. दुकान वहिनींचं. त्या माझ्या सख्ख्या वहिनी नव्हेत हो. सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणायची, नवरा गेल्यावरसुद्धा.

वहिनींच्या डोक्यात माणसांची नावं टिकत नसत, जनावरांची पक्की बसत. एखादा चांगला सूटबूट घालून आला तरी त्या आतून ओरडायच्या, आला का टिल्लूचा बाप. मला मनीचे आजोबा म्हणायच्या. खरं सांगतो, माझ्या नातवंडांनी मला इतक्या मायेनं कधी हाक मारलेली नाही.

त्यांची एक शिस्त होती. सासऱ्यांचा पूर्वी धान्याचा धंदा, तिथून आलेली. पिंपाचा तळ गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. पिंप अर्ध्यावर आलं की लोकांना वाटतं दुकान बसलं. म्हणून संध्याकाळ झाली की वहिनी नवं पोतं फोडायच्या आणि उरलेल्यावर ओतायच्या. घ्यायचंही वरून, ओतायचंही वरून. तळाशी काय आहे, ते कधीपासून आहे, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांच्याही मनात आलं नाही. पिंपामागची भिंत बाराही महिने ओलसर असायची. वर मात्र सगळं कसं टवटवीत.

मग पुलाचं काम निघालं. गाड्या बंद, पोती येईनात. पलीकडच्या चौकातल्या दुकानानं शटर ओढलं. वहिनींच्या कुत्र्यांच्या पिंपात माप खाली खाली जायला लागलं, आणि एका सकाळी त्यांना काखेपर्यंत हात घालावा लागला. हाताला लागला तो गड्डा. गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, वर करडी-हिरवी लव, कुबट वास.

आता तुमच्या घरी डाळ-तांदळाला असं झालं तर तुम्ही काय कराल? तेच त्यांनी केलं. गड्डे फोडले, चाळणीनं चाळलं, तळहातावर चोळलं आणि गच्चीवर जुनी चादर पसरून ऊन दाखवलं. मी समोरच्या गॅलरीतून विचारलं, वहिनी, कुत्र्यांची पंगत घालताय का? त्या म्हणाल्या, हो, मनीला घेऊन तुम्हीही बसा. आम्ही दोघंही हसलो. दुपार कलेपर्यंत वास गेला होता. वास गेला म्हणजे दोष गेला, असं धरून त्यांनी ते पिंपात परत भरलं. त्या आठवड्यात आसपास फक्त वहिनींकडे माल होता. लोक दुवा देत पिशव्या भरून घेऊन गेले.

त्यात आमचे टेलरभाऊ होते. एकटा जीव. त्यांची कुत्री पिल्लू असताना चिंध्यांच्या गाठोड्यात सापडली होती, म्हणून तिचं नाव चिंधी. दिवसभर शिलाई मशीनच्या खाली झोपायची, पायानं हलवायच्या पायट्याला पाठ लावून. पायटा हलला की तीही हलायची. तिला सोडून टेलरभाऊंनी कधी लांबचं लग्नसुद्धा केलं नाही. म्हणजे दुसऱ्यांचं, स्वतःचं तर नाहीच.

आधी चिंधीनं खाणं टाकलं. मग उलट्या. मग उठेनाशी झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला तर हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या. त्याच बाकावर शेजारी टिल्लू पडलेला, तोही तसाच. डॉक्टरांनी सगळ्यांना एकच विचारलं, खायला काय घालता, आणि सगळ्यांनी एकाच दुकानाचं नाव घेतलं.

बातमी आली तेव्हा वहिनी माप पुसत होत्या. तशाच उठून दवाखान्यात गेल्या. डॉक्टर चिंधीच्या पायात सुईसाठी शीर शोधत होते. वहिनींनी दारातूनच, दुसऱ्या कोणाचं विचारावं तसं विचारलं, की खाण्याला बुरशी आली आणि ऊन दाखवलं, तर चालतं ना? डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "बुरशी वाळेल हो. तिनं आत सोडलेलं विष कुठं जाणार? त्याला ना वास, ना रंग. लिव्हर खातं ते."

वहिनी दुकानात परत आल्या आणि पिंपाशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांचा मुलगा समोर उभा. त्यानं तोवर गल्लीभर सांगून टाकलं होतं की कंपनीचं पोतंच खराब आलं. वहिनींनी त्याला गच्चीचं सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "आई, आपण आपलं चुकलं म्हटलं ना, तर या दुकानात उद्यापासून उंदीरसुद्धा येणार नाही." खोटं नव्हतं ते. चूल त्या पिंपांवरच पेटत होती.

वहिनींनी रिकामं पोतं उचललं आणि दारोदार निघाल्या. कोणी काय नेलं याची चिठ्ठी नव्हती, पण कुठल्या घरात कुठलं जनावर हे त्यांना पाठ. मुलगा मागून. प्रत्येक दारात त्या एवढंच म्हणायच्या, की हे घालू नका, परत द्या. लोक पिशव्या पोत्यात रिकाम्या करायचे आणि वर कंपनीला शिव्या घालायचे. वहिनींना कोणी चहा विचारला, कोणी पाणी दिलं. दोन घरांतून पिशवी परत आली, पण जनावर उरलं नव्हतं.

एका दारात एक बाई पिशवी सोडेना. म्हणाली, "टाकायचं कशाला वहिनी एवढं? मी ऊन दाखवते ना." वहिनींनी तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली. ओढून.

शेवटी टेलरभाऊंचं घर. चिंधीनं दवाखान्यातच जीव सोडला होता. मशीनवर अर्धी शिवलेली बाही तशीच सुईखाली. टेलरभाऊ स्टुलावर बसलेले, पाय पायट्यावर, पण पायटा स्थिर. खाली तिची चादर घडी करून ठेवलेली. दारात अर्धी गल्ली जमली होती, मीही होतो. मुलगा आईच्या खांद्यामागे.

टेलरभाऊंना वहिनींवर राग काढायचा नव्हता. उलट, त्यांना आधार द्यायचा होता, असा माणूस तो. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "पोतंच खराब आलं होतं ना, वहिनी? तुमचा मुलगा सांगत होता. तुम्ही तरी काय करणार?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मुलानं मागून त्यांचा पदर धरला. वहिनींनी तो सोडवून घेतला, आणि त्या जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो:

"पोतं चांगलं होतं, भावजी. बुरशी माझ्या पिंपात होती, आणि मला ती दिसली होती. मी तिला ऊन दाखवलं आणि तुमच्या पिशवीत घातली."