शेजारच्या वहिनींची शेगडी

बाभळीच्या लाकडाचा धूर नाकात गेला की मला सौदीतल्या खमीस मुशैतमधला तो हिवाळा आठवतो. डोंगरावरचं शहर, थंडी हाडांत शिरायची आणि आमची मुलगी जेमतेम दोन महिन्यांची. लाकडाची शेगडी नवीनच घ्यायची, असं बायकोनं पक्कं केलं होतं. जुनीतून घरात धूर होईल, ही तिला भीती. तरी शेजारच्या इमारतीतल्या रत्नागिरीच्या वहिनी त्यांची शेगडी विकतायत असं कळलं, म्हणून बघायला गेलो. त्यांचे यजमान नुकतेच कामावर असताना वारले होते आणि त्यांच्या इकाम्याबरोबर, म्हणजे राहण्याच्या परवान्याबरोबर, वहिनींचं तिथलं राहणंही संपलं होतं. वहिनींनी शेगडी पेटवून दाखवली. "धूर अजिबात येत नाही. पाइप ह्यांनी स्वतः बसवलाय," असं म्हणून त्या हात शेकत तिथंच बसून राहिल्या. बायको माझ्याकडं न बघताच म्हणाली, "वहिनी, आम्ही हीच घेतो." "घ्या, पण आज नेऊ नका. मी जाईपर्यंत राहू दे," वहिनी म्हणाल्या. त्या विमानतळावर गेल्या त्या सकाळी मी शेगडी आणायला गेलो. राख काढून ती स्वच्छ पुसून ठेवली होती, पण लोखंड अजून गरम होतं. ते निवेपर्यंत मी त्या रिकाम्या खोलीत बसून राहिलो. पुढं वहिनींचं काय झालं, ते मला आजही ठाऊक नाही.