खिळ्याच्या जागी मी

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझ्या शहाणपणापायी सख्ख्या बहिणीचा मान जाता जाता राहिला हो! आणि तो वाचवायला मला चक्क कडुलिंबावर चढावं लागलं. या वयात, या पोटासकट!

झालं असं. माझा धाकटा भाऊ संदीप बंगळुरूला असतो. त्याला मुलगी झाली, बारसं ठरलं. आता बारसं म्हटलं की आत्या पाहिजे. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान तिचा, आणि सांगताना पाठीवर बायकांचे धपाटे खायचा मानही तिचाच. आमच्यात आत्या एकच, शकूताई. आणि नेमकी तीच गोठ्यात घसरून पडली. पाय प्लास्टरमध्ये!

ताई राहते करमाडच्या पुढं, डोंगराच्या बेचक्यात, शेतातल्या वस्तीवर. तिथं रस्ता पोचला, लाईट पोचली, मोबाईलची रेंज मात्र डोंगरापलीकडंच अडकली.

संदीप म्हणाला, "दादा, ताईचा फोन मध्येच कट झाला तर पंचाईत होईल. सासूबाई म्हणतात, तसं असेल तर त्यांची बहीण ठेवेल नाव."

हे ऐकून ताईला रडूच फुटलं. "आरं नाना, माझी पहिलीच भाची हाय रे. नाव बी मीच काढलंय. आजून कुणाला सांगितलं नाय."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मी आहे ना!"

काय आहे, ऑफिसात प्रिंटर अडकला की मलाच बोलावतात. त्यामुळं माझा समज झालेला की विजेवर चालणारं जे जे काही आहे, ते मला कळतं.

शहागंजच्या बाजारातून सिमवर चालणारा राउटर घेतला, सोबत छपरावर लावायचा अँटेना. दुकानदार बिचारा काहीतरी समजावत होता. मी म्हटलं, "माहितीये हो सगळं." पिशवी उचलली अन् निघालो.

बारशाच्या दिवशी सकाळीच वस्तीवर हजर! पत्र्यावर चढून अँटेना बांधला, वायर खाली आणली, राउटर लावला. लाल दिवा लागला.

दाजींनी विचारलं, "पाव्हणं, लाल हाय की हो हे?"

"गरम होतोय," मी ठोकून दिलं.

खिशातून मोबाईल काढला, संदीपला व्हिडिओ कॉल लावला. आणि काय सांगू! संदीप असा स्वच्छ दिसला की त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा मोजता आलं. ताईनं माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

आता इथं गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण माझं लक्ष गेलं अंगणातल्या कडुलिंबाकडं. दोन पुरुष उंचीवर एक खिळा, अन् खिळ्याला कापडी पिशवी. आत शेजारच्या युनूसभाईंचा फोन. वस्तीत रेंज म्हणून जी काय येते ती फक्त त्या खिळ्यापाशी. म्हणून युनूसभाई रोज सकाळी फोनचं हॉटस्पॉट चालू करून तिथं अडकवायचे, आणि खाली बसून आख्खी वस्ती त्यावर नेट चालवायची. संध्याकाळी फोन उतरवून चार्जिंगला.

"दाजी, हे आता बंद!" मी म्हणालो. "नवी सोय झालीये, झाडावर फोन टांगायचे दिवस गेले."

"राहू द्या की. कुणाचं काय अडतंय?"

पण मी ऐकतो होय! शिडी लावली, पिशवी अशी जोरात ओढली की खिळासुद्धा उपटून आला. फोन बंद करून ताईच्या कपाटात सन्मानानं ठेवला.

पावणेबारा झाले. मुहूर्त बाराचा. ताई नवं लुगडं नेसून खाटेवर बसली, पाठीमागं धपाटे घालायला चार शेजारणी तयार. मी कॉल लावला. फोनवरचं चक्र नुसतं गरगर फिरतंय! पुन्हा लावला. तेच.

पत्र्यावर चढलो. अँटेना पूर्वेला केला. "आलं का?"

"नाय!"

पश्चिमेला केला. "आता?"

"नाय रे बाबा!" ताई खाटेवरून ओरडली. "तिकडं ती सासूबाईची बहीण बसली आसंल पाळण्यापाशी."

खरं सांगतो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात युनूसभाई आले, बारशासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन. झाडाकडं बघून जागीच थांबले. "अरे भाई, मेरा फोन कां है?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे माझा मोबाईल घेतला. "नानासाब, दिवाळीला तुम्ही आल्ते, तवा मीच तर हॉटस्पॉटला जोडून दिल्तं. सकाळी जो कॉल लागला, तो माझ्या फोनावर लागला. तुमच्या डब्ब्यावर नाय."

बाराला सात कमी! कपाटातून फोन काढला, चालू केला. पिशवी दोरीनं बुंध्याला बांधली तर घसरून खाली. वीतभर खाली आलं की रेंज गायब. नवा खिळा शोधायला वेळ कुणाला?

"कुणी तरी धरून बसावं लागंल," दाजी म्हणाले. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

चढलो की राव! एका हातानं फांदी, दुसऱ्या हातात वर धरलेला फोन. लाल मुंग्या बाहीतून आत शिरल्या तरी हात हलवायची सोय नाही. खालून कॉल लागल्याचा गलका झाला. संदीपनं फोन बाळाच्या कानाला लावला असावा, कारण ताई ओरडली, "कुर्र!" लगेच धपाट्यांचा पाऊस पडला. त्या गोंधळात नाव काय ठेवलं, ते मला ऐकूच आलं नाही.

"ताई, नाव काय गं?"

"तू हलू नगंस! भाची हसायलीय!"

रडत रडत हसत होती माझी बहीण. मला वरूनसुद्धा भरून आलं, मुंग्या चावत असतानासुद्धा.

पाऊण तासानं खाली उतरलो. युनूसभाईंनी पेढा हातावर ठेवला. "खिळा लई गुणाचा होता, नानासाब. कधी कण्हला नाय."

घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याच्यासोबत एक छोटं पाकीट जमिनीवर पडलं. दाजींनी उचललं. "पाव्हणं, हे काय?"

राउटरचं सिम होतं, दुकानातून निघताना खिशात कोंबलेलं. दुकानदार बिचारा हेच तर समजावत होता!

दाजींनी ते राउटरमध्ये सरकवलं. मिनिटभरात हिरवा दिवा. तेव्हापासून ताईच्या घरातून कुठंही कॉल लावा, कटत नाही, अडकत नाही, एकदम स्पष्ट. म्हणून तर हा किस्सा माझ्याआधी सगळ्या नात्यात पोचला.