साठ किलोची माणसं

आमचे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, इस्पितळात रेकॉर्डचे कारकून आहेत. माणूस इतका सरळ, की रस्ता मोकळा असला तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत पाऊल टाकत नाही. मागे दोन वर्षं तळघरात बसून त्यांनी जुन्या कागदी फायली कॉम्प्युटरवर चढवल्या. हल्ली त्याच माहितीवरून कॉम्प्युटर डॉक्टरांना सुचवतो, कोणाला औषध किती द्यायचं. ही थोरवी ऐकून आमचे कान किटले होते.

परवा दाजींची थोरली बहीण दाखल झाली. ती आम्हा सगळ्यांचीच अक्का. पायात रक्ताची गाठ. स्ट्रेचरवरून आणलेली, म्हणून वजन केलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन पाहिला.

"वजन साठ. डोस आलाय. सिस्टर, रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरा."

"कोणाचं साठ?" अक्का पडल्या पडल्या म्हणाली. "अहो, मी ओलीचिंब भिजले तरी चाळीस भरत नाही."

मी हसलो. मग दाजींकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडले होते.

"देऊ नका ते," ते म्हणाले. "ते साठ मी घातलेत."

अडखळत अडखळत त्यांनी सांगितलं ते असं. कित्येक जुन्या फायलींत वजन लिहिलेलंच नव्हतं आणि तो रकाना रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नसे. रोज शंभर फायली उरकायच्या. मग दाजी साठ टाकत गेले. साठच का, तर बाई असो की बाप्या, कोणाला राग येऊ नये. अक्काची फाइलही त्याच ढिगात होती. नाव बघायला फुरसत कोणाला?

"तेव्हा नुसती नोंद होती हो. औषधाचं मागाहून आलं."

बाईंनी सिरिंज परत ठेवायला लावली. "हे गेलं असतं तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकला असता." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "असे किती?"

दाजींनी कधी मोजलेच नव्हते. बाईंनी बरोबर साठ किलोचे पेशंट शोधले. एरवी रखडणाऱ्या कॉम्प्युटरने पापणी लवायच्या आत आकडा दिला. दोन हजार तीनशे अकरा.

"काही खरेच साठचे असतील," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

"आज दाखल आहेत एकोणीस," बाई म्हणाल्या.

दाजी खांबासारखे उभे.

"अरे, बघतोस काय?" अक्का म्हणाली. "काटा आण. माझं झालं की पुढे जा."

खुर्चीच्या काट्यावर अक्का अडतीस भरली. दाजींनी काटा शेजारच्या खाटेकडे ढकलला. तिथे काडीसारखे एक आजोबा पडले होते. पायाशी लटकवलेल्या कागदावर वजन साठ, आणि त्याच इंजेक्शनच्या सकाळच्या डोसपुढे 'दिला' अशी खूण. बाई रक्त तपासायला घेत होत्या. दाजींनी आजोबांचा हात धरला.

"आजोबा, कुठे दुखतंय का हो?"

त्यांनी तीन वेळा विचारलं. आजोबा डोळे उघडेपर्यंत आमच्यापैकी कोणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.