सांडपाणी आणि ट्रेकचा फिल्टर

बंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्या सकाळी मी चूळ भरली आणि तशीच बेसिनवर वाकून राहिले. तोंडात नासल्यासारखी चव. नळ बादलीत सोडला, तर पाण्यावर पिवळट तवंग आणि त्यात एक लांब पांढरा केस. मला कोरड्या ओकाऱ्या यायला लागल्या.

"टँकरचं पाणी असेल," नवरा दारातून म्हणाला. "उन्हाळ्यात येतो असा वास."

"हा टँकरचा वास नाही. संडासचा आहे."

मी सोसायटीच्या ग्रुपवर बादलीचा फोटो टाकला. सेक्रेटरींचं उत्तर लगेच आलं. क्लोरिन जास्त पडलंय, स्वल्प वास येईल, उद्यापर्यंत ठीक होईल. खाली लोकांनी थम्ब्स-अपही टाकले.

संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर तळमजल्यावर सेक्रेटरींच्या दाराशी विकतच्या पाण्याचे कॅन उतरत होते. त्यांची बायको ते घाईघाईने आत ओढत होती. पलीकडे, पार्किंगच्या कोपऱ्यात, ड्रेनेजचं चेंबर तुंबून वाहत होतं. करडं, बुळबुळीत पाणी फरशीच्या भेगेतून थेट आमच्या संपच्या झाकणाखाली जात होतं. याच जमिनीखालच्या टाकीतून आमच्या सगळ्यांच्या नळाला पाणी चढायचं. काठावर भिजलेला टिश्यू पेपर चिकटला होता.

सेक्रेटरी बाहेर आले.

"सर, हे कधीपासून आहे?"

"प्लंबरला सांगितलंय. उगाच लोकांना घाबरवू नका."

"आणि तुम्ही कॅन कधीपासून घेताय?"

त्यांनी दार लावून घेतलं. मला चेंबरपेक्षा त्या बंद दाराची जास्त किळस आली.

वर येऊन मी आधी शेजारच्या अक्कांचं दार वाजवलं. त्या एकट्या राहायच्या. कितीतरी पिढ्या बंगळुरात गेलेलं मराठी घर, बोलण्यात निम्मं कन्नड. सगळी बिल्डिंग त्यांना अक्काच म्हणायची.

"अक्का, नळाचं पाणी पिऊ नका. गटार मिसळलंय त्यात."

"पाणी शुद्ध करायचं मशीन आहे की गं घरात," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून हातातला पेला खाली ठेवला. "अय्यो. कालपासून पोटात कसंतरी होतंय मला."

घरी नवऱ्याने ट्रेकच्या बॅगेतून फिल्टरची नळी काढली होती. एक टोक पाण्यात बुडवायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं.

"याने ओढ्याचं पाणी प्यायलोय मी."

मी नळीचं तोंड दिव्याखाली धरलं. आत काळी बुरशी. गेल्या ट्रेकनंतर ती ओलीच बॅगेत कोंबली होती. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि साबणाने दोनदा हात धुतले. तेही त्याच पाण्याने, हे नंतर लक्षात आलं.

आम्हीही कॅन मागवले, अक्कांनाही एक दिला, आणि शनिवारी कोरमंगलात कॅम्पिंगच्या दुकानात गेलो. काउंटरवर काचेच्या भांड्यात हिरवं, शेवाळलेलं पाणी ठेवलं होतं. विक्रेत्याने त्यात नळी बुडवून घोट घेतला, ओठ पुसले आणि तीच नळी पुढच्या मुलीला दिली. तिने ती तोंडात घातली. मी नजर दुसरीकडे वळवली.

मी खोका उलटून बारीक अक्षरं वाचली. जिवाणू अडतात, विषाणू नाहीत. विरघळलेली रसायनंही नाहीत.

"सांडपाणी मिसळलं असेल तर चालेल का हा?"

"मॅडम, काहीही चालतं. घरासाठी हवाय? मग इमर्जन्सी मॉडेल घ्या." त्याने दुसरा खोका काढला. आत तीच नळी, बाहेर फक्त लाल स्टिकर.

"हे घ्यायचं नाही," नवरा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला. "गटाराचं पाणी मी कशातूनही गाळून तुला देणार नाही. त्याला कॅनच. ट्रेकसाठी आणि टँकरचं पाणी गढूळ येईल तेव्हासाठी बघू. तोंड न लावता वापरता येईल असं काहीतरी. गाळलेलं नंतर उकळू."

शेवटी आम्ही लटकवायची पिशवी घेतली. वर पाणी भरायचं, ते फिल्टरमधून आपोआप खाली उतरतं. फिल्टर उलट्या बाजूने पाणी मारून धुवायला सोबत मोठी सिरिंज होती, ती बघूनच मी हो म्हटलं.

शेवटी सोसायटीने संप उपसला तेव्हा तळातून काळा गाळ बादल्या भरभरून निघाला. त्यात काय काय होतं ते इथे लिहवत नाही. काही आठवड्यांनी अक्कांचे डोळे पिवळे झाले. कावीळ. इलेक्ट्रॉनिक सिटीहून त्यांची मुलगी न्यायला आली, त्याच दुपारी सेक्रेटरी शहाळी घेऊन आले.

"या वयात होतं असं," ते मुलीला म्हणाले.

अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. "सर, तुमच्या घरी कॅन येत होते. मला एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

ते शहाळी टेबलावर ठेवून निघून गेले. मुलीने ती उचलून जिन्यात नेऊन ठेवली.

अक्का लेकीकडे हळूहळू बऱ्या झाल्या, पण परत आल्या नाहीत. त्यांचा फ्लॅट आता भाड्याने दिलाय. सेक्रेटरी बदलले. जुने मला लिफ्टच्या दाराशी भेटतात, हसून गुड मॉर्निंग म्हणतात. मी लिफ्ट सोडते आणि जिन्याने जाते.