माझ्या वाट्याचे सात मेलेले

आमच्या मंडळात नवा माणूस आला की त्याला आधी मेलेले देतात.

मंडळ म्हणजे काही फार मोठं नाही, आम्ही तिघं. जुन्या काळातले शिपाई, घोडेस्वार, तोफा ओढणारे, सगळे दोन बोटं उंचीचे. ते करड्या प्लास्टिकचे, बिनरंगाचे, कुरिअरने येतात. आम्ही ते रंगवतो आणि पाटावर मातीचा डोंगर करून त्यांची लढाई मांडतो. हे सगळं दर रविवारी दुपारी, वर्ध्याजवळ सिंदी मेघेला, बाईंच्या गच्चीवरच्या टिनाखाली. बाई शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाल्या. दुसरे उस्ताद. त्यांनी सगळी नोकरी एका सरकारी दवाखान्यात मुडदे चिरायच्या खोलीत काढली. डॉक्टर सांगायचे आणि उस्तादांचे हात चालायचे. तिसरा मी, कॉलेजच्या ऑफिसातला बाबू, पन्नाशी ओलांडलेला, पुढचे दोन दात नकली.

मेलेले देण्यामागे बाईंचा विचार आहे. मेलेला शिपाई बहुतेक पालथा असतो. त्याचे डोळे काढावे लागत नाहीत. नवख्याचा हात थरथरला, रंग सांडला, तरी रक्त म्हणून खपून जातो. मला त्यांनी एकदम सात दिले. माझा हात पाहून दिले असावेत.

त्याआधी मी घरी एकटाच एक जिवंत शिपाई करून पाहिला होता. फाटकाला लावून उरलेला हिरवा ऑइल पेंट होता, तोच दिला. तीन दिवस वाळला नाही. चौथ्या दिवशी पाहतो तर नाक गेलेलं, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि तलवारीची झालेली केळी. बायको म्हणाली, "हा लढायले चालला का भाजी विकायले?" तो मी उस्तादांना दाखवला तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी आपला पहिला सांगितला. त्यांनी मुलीची नेलपॉलिश लावली होती.

"तोंडच वितळलं ना त्याचं," उस्ताद म्हणाले. "गाल खाली, हनुवटी छातीवर. माही पोरगी म्हणे, बाबा, फेका ते. मी म्हटलं, राहू दे, अशे लय पाह्यले."

बाईंचा पहिला घोडा होता. चित्रकलेच्या बाई असून त्याचा एक डोळा नागपूरकडे आणि एक यवतमाळकडे पाहत होता. तो त्यांनी अजून ठेवला आहे, पण लढाईत घेत नाहीत. वरचा स्वार कोणाला मारायला निघाला ते कळत नाही म्हणतात.

मला रंगवता येत नसलं तरी सांगता येतं. आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की कोणी तरी म्हणतंच, "काका, ते धुऱ्याचं सांगा." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. बारा वर्षांपूर्वी तळेगावकडच्या आमच्या गावी, वडिलांच्या पश्चात वाटणी झालेल्या शेतात, त्या धुऱ्यावर माझी आणि दादाची मारामारी झाली. ती मी अशी सांगतो की हसण्यापुढे ऐकणाऱ्याला तोंडातलं पान सांभाळणं कठीण. मी इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट, धुरा मोजायला हातात ऑफिसची फूटपट्टी. समोरून दादा फावडं उगारून येतो. मी म्हणतो, दादा, कायद्याने बोल. फावडं येतं. मी घाबरून डोळे मिटून बंडीची उभारी उपसतो, बैलगाडीच्या कडेला लावतात तो हातभर लांब, जाड दांडा, आणि आडवी धरतो. ती दादाच्या डोक्याला लागते की दादाचं डोकं तिला लागतं हे आजवर ठरलेलं नाही. त्यानंतर माझे दात कुठे कुठे सापडले त्याचं वर्णन असतं. एक हरभऱ्यात, एक माझ्याच खिशात. इथे लोक आडवे पडतात.

हे मी मंडळातही सांगितलं होतं. बाईंच्या हातातला चहा सांडला होता.

दादा मात्र बारा वर्षं माझ्याशी बोलला नाही. तो माझ्याकडे आला नाही, मी त्याच्याकडे गेलो नाही. मग एका दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं, महिन्याभरावर होतं.

"काका, तुम्ही या," ती म्हणाली.  "बाबा म्हणते का येजा. पण लग्नाच्या आधी एकदा येजा, अन् धुऱ्यावर खरं काय झालतं ते बाबाले सांगजा. नाईतर नका येऊ म्हणते."

"त्याले माहीत नाही का काय झालं ते?"

"मले काय माहीत, काका. मी तर लग्नाबारशात तुमचंच ऐकलं."

मी हो-हो म्हणून फोन ठेवला. दादाने हिला लहानपणी खांद्यावर बसवून माझ्या लग्नात नाचवलं होतं. हिच्या लग्नात मी नसलो तर तो घरातला शेवटचा धागाही तुटला, हे मला कळत होतं. पण मी काय सांगणार होतो? जे मी शंभर वेळा सांगितलं तेच ना. मी ठरवलं की अजून वेळ आहे, आणि मेलेले रंगवायला बसलो.

पहिले तिघे मी लाल भडक केले. उस्तादांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाबू, हे गुलालात लोळले का? रक्त असं राह्यते पाच मिनिटं. मग काळं होते, विटकरी होते, कडेले पिवळं पाणी सुटते." त्यांनी मला लाल, तपकिरी आणि जरासं काळं मिसळून दिलं, वरून चकाकी यायला वॉर्निशचा थेंब. घाव कसे असतात तेही सांगितलं. तलवारीचा घाव सरळ, ओठासारखा उघडतो. भाल्याचा घाव शिरतो तिथे मोठा आणि आरपार निघतो तिथे छोटा. कुऱ्हाड हाड घेऊन येते. बाई चिवडा खात ऐकत होत्या. मीही खात होतो.

चौथा मेलेला कुशीवर पडलेला होता, पागोटं निघून गेलेलं. बाई म्हणाल्या, "याला डोक्यावर काही तरी दाखवा, नाहीतर दुपारची झोप घेतोय असं वाटतं." त्याच्यावर मी दोन रविवार घालवले. कधी नव्हे तो हात थरथरला नाही. ब्रशचे दोन केस ठेवून बाकीचे कापले होते. कुठे काय लावायचं ते विचारावंच लागत नव्हतं. उजव्या कानाच्या मागे फाटलेलं कातडं, थोडं रक्त कानावरून गालाकडे, बाकीचं मानेवरून अंगरख्यात आणि पाठीवर लांब खाली.

बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही केलं?" मला इतकं बरं वाटलं की मी चष्मा पुसला.

उस्तादांनी भिंग घेतलं. शिपाई उजेडात फिरवला. 

"तलवार नाई हे," ते म्हणाले. "लाकूड आहे. कातडं कापलं नाई, फुटलं. मारणारा मागं उभा होता. हा वाकून होता, म्हणून पयलं रक्त गालाकडं आलं. मंग हा सरळ झाला, तवा बाकीचं पाठीवर उतरलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पण हा तर पडलाच नाई, बाबू. उभा मानूस आहे हा. मेलेल्यात काऊन घातला?"

"तो नाही पडला," मी म्हणालो.

माझ्या तोंडून निघून गेलं. बाईंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"हा तुमचा भाऊ आहे का?" त्यांनी विचारलं. शाळेत कॉपी पकडलेल्या पोराला विचारावं तसं नाही, साधंच. "तुम्ही तर म्हणाला होतात ते समोरून आले. फावडं घेऊन."

मी त्यावर विनोद करायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि ब्रश धुवायला घेतला. 

उस्ताद म्हणाले, "माह्या टेबलावर हे रोजचंच होतं. कागदात लिहून राहे का समोरून मारलं. मानूस उलटा केला का मागं दिसे." आणि ते पुढचा घोडा रंगवायला लागले.

तर ते असं झालं होतं. माझ्या हातात फूटपट्टी नव्हती, ती मी नंतर गोष्टीत घातली. दादाच्या हातात फावडंही नव्हतं. दादा वखर चालवून थांबला होता. मी वर्ध्याहून सकाळच्या बसने आलो होतो, कारण कोणी तरी मला सांगितलं होतं की दादाने धुरा सोडून दोन तास माझ्या वावरात घातले. दोन तास म्हणजे नांगराच्या दोन रेघा, माझ्या दोन पावलांएवढी जमीन. त्या जमिनीत मी आयुष्यात एक दाणा पेरला नव्हता. मी ओरडलो. दादा ओरडला नाही. म्हणाला, "जाय, तू ऑफिसात जाय. तुह्याच्यानं हे होत नाई." आणि बैलाच्या गळ्याची गाठ सोडायला वाकला. माझ्याकडे पाठ करून.

बंडी बाजूलाच होती. मी उभारी उपसली. डोळे मिटले नव्हते. मला त्याच्या कानामागची जागा दिसत होती, लहानपणी ज्या मानेवर मी बसायचो ती मान, आणि मी दोन्ही हातांनी मारलं. कवठ दगडावर आपटल्यासारखा आवाज आला. बैल उधळला. दादा वाकलेलाच राहिला, एवढंच की हात गाठीवरून सुटले. मग तो हळूहळू सरळ झाला. वळला. त्याने कानाला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी परत उभारी वर केली होती.

त्याने ती माझ्या हातातून काढून फेकली आणि मग मला मारलं. पहिल्या ठोशात दात गेले. मी पडलो तर त्याने कॉलर धरून उठवलं आणि परत मारलं. बरगडीवर गुडघा ठेवला, तिथून कडकन आवाज आला. त्याचं रक्त माझ्या तोंडात पडत होतं, माझं त्याच्या मुठीवर. शेजारच्या शेतातले लोक पोचले तेव्हा त्यांना जे दिसलं ते हे: दादा वर, मी खाली, माझं थोबाड सुजून पपईएवढं. ठाण्यात मी थुंकीत रक्त मिसळून सांगितलं की तो फावडं घेऊन आला, मी फक्त अडवलं. माझ्याकडे पाहून कोणीही विश्वास ठेवला असता. दादाने एक शब्द काढला नाही. त्याला दोन दिवस आत ठेवलं, कानामागे टाके घालून. नंतर गावातल्या मोठ्या माणसांनी मिटवलं. मी वर्ध्याला येऊन दात बसवले आणि पहिल्याच बारशात लोकांना हसवलं.

लग्नाला आठ दिवस होते तेव्हा मी तळेगावची बस धरली. तिथून ऑटोने गावात. दादाच्या अंगणात मांडवाचे बांबू पडले होते, गावातलीच दोन माणसं वर चढून सुतळीने बांधत होती. दादा खाली बसून कुऱ्हाडीने बांबूंची टोकं तासत होता. केस पांढरे झाले होते. कानामागे बोटभर जागा केसांशिवाय होती. वहिनी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिचा हात थांबला, मग परत सुरू झाला.

मी समोर उभा राहिलो. सवयीने घसा साफ केला.

"तर त्या दिवशी सकाळी..." मी सुरू केलं.

"तसं नको," दादा म्हणाला. वर पाहिलं नाही.

मी मग तसं नाही सांगितलं. म्हटलं, तू वाकला होतास, दादा. बैल सोडत होतास. तुझ्या हातात काही नव्हतं. मी मागून मारलं, आणि दुसऱ्यांदाही मारणार होतो. ठाण्यात मी खोटं बोललो. एवढंच. माझी गोष्ट पाऊण तास चालते. ही तीन श्वासांत संपली.

दादाने बांबूचं टोक बोटाने चाचपलं.

"काऊन मारलं?"

"तू म्हणालास, ऑफिसात जा. तुझ्याने हे होत नाही."

"बस? एवढंच बोललो मी?"

"एवढंच."

त्याने कुऱ्हाड मांडीवर ठेवली. "मले आठवेच ना काय बोललो ते," तो म्हणाला. "मले वाटे, मी आपल्या मायवरून काही घाण बोललो असीन, मंग यानं मारलं. बारा वर्षं आठवून राह्यलो." मग ओट्याकडे वळून म्हणाला, "ऐकलं का वं?"

"मी तांदूळ पाखडून राह्यली होती," वहिनी म्हणाली. "मले कुठलं ऐकू येते."

"हिले सांग," दादा म्हणाला. "दोन दिवस ठाण्याबाहेर हे बसली होती, पोरीले जवळ घेऊन. गावानं हिले काय काय म्हटलं."

मी ओट्याजवळ गेलो. वहिनीने सूप खाली ठेवलं आणि पदराने हात पुसले. मी परत पहिल्यापासून सांगितलं. मागून मारलं म्हणताना सुपातल्या तांदळाकडे पाहिलं. पुतणी दारात येऊन उभी होती. तिने लहानपणापासून तीच गोष्ट हसत ऐकलेली. ती हसत नव्हती.

"जरा मोठ्यानं," दादा मागून म्हणाला. "ते मांडववाले लय वर आहे."

वरच्या दोघांनी सुतळी ओढणं थांबवलं होतं. मी मान वर करून, नकली दात जिभेने सांभाळत, तिसऱ्यांदा सांगायला लागलो.